सुंदर सायकलीला मडगार्ड हवा

सायकल दिसायला सुंदर असावी, असं मला मनापासून वाटतं. वाहन घेताना रूप बघणं हा उथळपणा, असं मानणाऱ्या घरात मी वाढले. तिथे वस्तू टिकाऊ असली की झालं, रंग कुठलाही चालायचा. पण जी रोज हातात धरायची, जिच्यावर बसून गावभर फिरायचं, जी दाराशी उभी राहून आपल्याआधी आपली ओळख सांगते, तिच्याकडे बघून बरं वाटायलाच हवं. विजेवर चालणारी सायकल घ्यायचं ठरलं तेव्हाही मी हा आग्रह सोडला नाही. मात्र सायकलीचं सौंदर्य नेमकं कुठे असतं, याचा विचार तेव्हा पहिल्यांदा नीट करावा लागला.

माझा रस्ता पुणेकरांना वेगळा सांगायला नको. कोथरूडहून कर्वे रस्त्याने, नळस्टॉपच्या दुमजली पुलाखालून डेक्कन. जाताना बहुतेक उतार आणि परतताना तोच चढ. चढ म्हणजे काही घाट नव्हे. पण दिवसभर उभं राहून शिकवलेलं असतं, सोबत तपासायच्या वह्यांचं ओझं असतं, समोर बसचा धूर असतो, आणि मग तेवढा चढही सायकल घरी ठेवायला पुरेसा होतो. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींची सायकल अशीच सुटली. कुणी भांडून सोडली नाही, नुसती जिन्याखाली गेली.

मोटरवर लिहिलेलं असतं २५० वॅट. ऐकायला किरकोळ वाटतं, घरातला मिक्सर याच्या दुप्पट तरी असतो. पण हिशेब करून बघा. चालवणारी, सायकल आणि दप्तर मिळून १०० किलो धरले, चढ ४ टक्क्यांचा आणि वेग ताशी १५ किलोमीटर, तर नुसतं ते वजन वर न्यायला सुमारे १६५ वॅट लागतात. सर्वसाधारण माणूस फारसा न दमता सलग ७५ ते १०० वॅट देऊ शकतो. उरलेलं मोटर देते, आणि तेवढ्यावर चढाचा सपाट रस्ता होतो. आपल्याकडच्या नियमांत २५० वॅटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी अशी सायकल मोटार वाहनात धरत नाहीत. नोंदणी नको, लायसन्स नको. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ३६० वॅट-तास. पूर्ण भरायला अर्ध्या युनिटपेक्षाही कमी वीज. यंत्र म्हणून ही वस्तू इतकी शहाणी आहे की प्रश्न उरतो तो फक्त कुठली घ्यायची, एवढाच.

दुकानात शेजारीशेजारी दोन सायकली उभ्या होत्या. एक राखाडी, मॅट रंगाची, सडसडीत. बॅटरी कुठे आहे ते दिसतही नव्हतं, ब्रेकच्या वायरी हँडलमधून आत गेलेल्या, टायर बारीक. मडगार्ड नाही, कॅरियर नाही, स्टँड नाही, घंटीसुद्धा नाही. दुसरीला मागे कॅरियरवर विटेएवढी बॅटरी, पुढे तारेची टोपली, वायरींचा जुडगा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेला, आणि नळीवर विजेच्या लोळाचे स्टिकर. दुकानातला मुलगा म्हणाला, “मॅडम, ही स्टाइलवाली आणि ही कामाची.” माझी लेक सोबत होती. तिने पहिलीवर हात ठेवला आणि म्हणाली, “आई, हीच घे ना. दुसरी बघवत नाही.”

तिचं खरंच होतं, दुसरी बघवत नव्हती. पण तिच्यात कुरूप काय होतं? टोपली कुरूप नव्हती, कॅरियर कुरूप नव्हतं. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं, हे कुरूप होतं. टोपलीचा आकडा दिव्यावर टेकत होता. कॅरियरचे पाय फ्रेमशी कुठेच जुळत नव्हते. कामाच्या वस्तूला रूप कशाला, असं समजून कुणीतरी ती जोडत गेलं होतं. आणि स्टाइलवालीचा घडवणारा कामाच्या वस्तू आल्या की रूप जातं, असं समजून त्या काढत गेला होता. दोघांची समजूत एकच आहे, आणि मला ती मान्य नाही.

आपल्या जुन्या काळ्या सायकलीकडे बघा. दोन्ही चाकांवरून जाणारी मडगार्डची कमान, पूर्ण झाकलेलं चेनकव्हर, त्यावरची सोनेरी रेघ, दांड्याने ओढायचे ब्रेक, रुंद कातडी सीट. ती रेघ सोडली तर त्यातली एकही गोष्ट शोभेसाठी नाही, आणि तरी ती उभी असली की नजर जाते. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं संग्रहालय केलंय. तिथे दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटने उतरणाऱ्या सैनिकांसाठी बनवलेली बीएसए या ब्रिटिश कंपनीची घडीची सायकल आहे. तिच्या दोन समांतर, कमानीसारख्या वाकवलेल्या नळ्या बघून कुणालाही वाटेल की एखाद्या चित्रकाराने काढल्या. त्या वाकल्या आहेत कारण मधोमध बिजागरी बसवून तिची घडी घालायची होती. पुण्यात राहून ते संग्रहालय न बघणाऱ्यांनी एक रविवार तिकडे काढावा, असं मी सगळ्यांना सांगत असते.

पहिल्याच विजेच्या सायकलींपैकी एकीचं चित्रही बघण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या ऑग्डेन बोल्टन यांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी तिचं पेटंट मिळालं. मोटर मागच्या चाकाच्या मधोमध आणि बॅटरी फ्रेमच्या त्रिकोणात, दांडीखाली टांगलेली. सव्वाशे वर्षांनंतरही बहुतेक स्वस्त सायकलींची रचना हीच आहे. बोल्टन यांनी काही लपवलं नव्हतं. पेटी दिसते, चाकातला डबा दिसतो, काय कुठे आहे ते एका नजरेत कळतं.

लपवण्याचा सोस पुढे आला, आणि तो कुठे नेतो हे पाहायचं तर ॲमस्टरडॅमच्या व्हॅनमूफची गोष्ट नीट वाचावी. टॅको आणि टीस कार्लियर या भावांनी २००९ मध्ये ही कंपनी काढली. त्यांच्या सायकलीची सरळ, जाड आडवी नळी दोन्ही टोकांना पुढे-मागे आलेली असायची आणि दिवे त्या टोकांतच बसवलेले. २०२० साली आलेल्या एस-३ मॉडेलमध्ये ५०४ वॅट-तासांची बॅटरी नळीच्या आत होती, मालकाला बाहेर काढता न येणारी. गिअर आपोआप बदलायचे. मागच्या चाकाजवळचं बटण पायाने दाबलं की कुलूप लागायचं, आणि उघडायचं फोनवरून. कुणी सायकल हलवली तर ती ओरडायची. चोरीला गेलेल्या सायकली माग काढून परत आणणारी माणसं कंपनीने पदरी ठेवली होती. सायकली पाठवताना मोडतोड होते म्हणून त्यांनी खोक्यावर टीव्हीचं चित्र छापलं. हमाल खोकी जपून हाताळायला लागले आणि मोडतोड बरीच कमी झाली. इतक्या बारकाईने विचार करणारी माणसं होती ती, आणि त्यांच्या सायकलीला मडगार्ड होते, रुंद टायर होते, चेन झाकलेली होती. रस्त्यावर ती सायकल पुरती व्यवहारी होती. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण व्हॅनमूफचं नाव निघालं की लोक तिला नुसती दिखाऊ म्हणून मोकळे होतात.

अडचण आली ती दुरुस्तीच्या टेबलावर. बहुतेक सुटे भाग कंपनीचे स्वतःचे. ब्रेकचा लिव्हर असो, गिअरचं यंत्र असो किंवा नळीतला कंट्रोलर, कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला त्यातलं काही बाजारातून आणता येईना. सायकली परत परत दुरुस्तीला येऊ लागल्या, त्या खर्चाने कंपनी वाकली आणि जुलै २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. लोकांची धावपळ सुरू झाली, कारण सायकलीची किल्ली म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरून फोनमध्ये आलेला एक संकेत. उद्या सर्व्हर बंद पडला तर? तेव्हा बेल्जियमच्या काउबॉय या प्रतिस्पर्धी कंपनीने एक छोटं ॲप काढलं, व्हॅनमूफवाल्यांना आपली डिजिटल किल्ली उतरवून जपता यावी म्हणून. मला या सगळ्या प्रकरणात ही गोष्ट सगळ्यात आवडते. पुढे काही आठवड्यांत मॅक्लारेन अप्लाइड या ब्रिटिश कंपनीच्या ई-स्कूटर विभागाने व्हॅनमूफ विकत घेतली, आणि नाव टिकलं.

त्याच शहरात, त्याच पुलांवरून साधी डच सायकल शतकभराहून जास्त काळ चालत आली आहे. ताठ बसायचं, चेन पूर्ण झाकलेली, मागच्या चाकाला झगा किंवा कोट अडकू नये म्हणून दोन्ही बाजूंना पडदा. गझेलसारख्या, १८९२ साली सुरू झालेल्या कंपनीने तिला वीज दिली तेव्हा बॅटरी मागच्या कॅरियरखाली सरळ उघड्यावर बसवली. किल्ली फिरवा, बॅटरी ओढा, घरात न्या. फॅशनच्या मासिकात ती आली नसेल, पण पाऊस, वारा आणि समुद्राची खारी हवा तिने खाल्ली आहे.

म्हणून मी दुकानात परत गेले तेव्हा माझी विचारण्याची रीत बदलली होती. सायकलीला दोन परीक्षा असतात, एक रस्त्यावरची आणि एक दुरुस्तीची. पहिलीचे प्रश्न सगळे विचारतात. एका चार्जमध्ये किती किलोमीटर? चढ चढते का? पावसात चालते का? दुसरीचे प्रश्न मी आमच्या चौकातल्या पंक्चरवाल्या काकांना विचारायचं ठरवलं. दोन्ही सायकलींचे फोटो मी त्यांना दाखवले.

काकांनी पहिल्यांदा मोटरकडे बघितलंच नाही, व्हॉल्वकडे बघितलं. राखाडी सायकलीच्या बारीक चाकांना बारीक फ्रेंच व्हॉल्व होता. “ताई, याला आमचा पंप बसत नाही. जोड लागतो. जोड घरी राहिला की तुम्ही रस्त्यात,” ते म्हणाले. मग मागच्या चाकातल्या मोटरबद्दल मी विचारलं, कारण मला वाटत होतं की पंक्चर म्हणजे आता मोठं काम. ते म्हणाले, पंक्चर काढायला चाक कशाला काढायचं? त्यांच्या हातांची रीत मी लहानपणापासून बघितली आहे. टायर एका बाजूने रिमवरून उतरवायचा, ट्यूब बाहेर ओढायची, घमेल्यातल्या पाण्यात फिरवून बुडबुडे शोधायचे, घासायचं, सोल्युशन, ठिगळ, ट्यूब आत. चाक जागेवरच. मोटरची वायर, तिचे मोठे नट, यांना हात लावायची वेळ येते ती ट्यूब किंवा टायरच बदलायचा असेल तेव्हा. माहितीपत्रकांत आणि व्हिडिओंमध्ये मोटरवालं चाक काढणं कसं कठीण, यावर केवढी चर्चा असते; आपल्या फुटपाथवरच्या कारागिरीने तो प्रश्न कधीच मागे टाकलाय. वायरींबद्दल मात्र त्यांचं तोंड वाकडं झालं. हँडलच्या बेअरिंगमधून आत गेलेली ब्रेकची नळी बदलायची म्हणजे हँडल उतरवा, बेअरिंग उघडा, तेलाचे ब्रेक असतील तर नळी कापून पुन्हा तेल भरा आणि हवा काढा. बाहेरून गेलेली केबल ते चहा येईपर्यंत बदलून देतात.

आता माझ्या लेकीची बाजूही मांडायला हवी, कारण नळीतल्या बॅटरीला नुसतं रूप नाही, अर्थही आहे. कॅरियरवरची बॅटरी २-३ किलोची, तीही उंचावर आणि मागे. वर दप्तर ठेवलं की सायकल स्टँडवरून उतरवताना डोलते आणि गर्दीत हळू चालवताना मागचा भाग वेगळाच वागतो. तीच बॅटरी खालच्या तिरक्या नळीत असेल तर वजन खाली आणि मधोमध राहतं. शिवाय विनादांडीच्या सायकलीला, जिला आपण लेडीज सायकल म्हणतो, वरची नळी नसल्याने फ्रेम थोडी लवचीक होते. बॅटरीसाठी जाड केलेली खालची नळी तो कमीपणा भरून काढते. हे सौंदर्य मला पटतं. प्रश्न एवढाच की ती बॅटरी किल्लीने बाहेर येते का.

पुण्यातल्या माणसाला हा प्रश्न युरोपातल्या माणसापेक्षा जास्त जवळचा आहे. आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही. सायकल खाली राहणार, तीही वीस-बावीस किलोची. तिसऱ्या मजल्यावर रोज कोण नेणार? पार्किंगमध्ये सॉकेट घ्यायचा तर मीटर सामायिक, म्हणजे सोसायटीची बैठक, म्हणजे ठराव. एकेका इमारतीत त्यावरून माणसं बोलायची थांबली आहेत. बॅटरी हातात घेऊन वर गेलं की हे सगळं मिटतं. ती डोळ्यांसमोर, कंपनीच्याच चार्जरवर लावायची, भरली की काढायची. शिवाय खाली उभ्या सायकलीची सगळ्यात महाग वस्तू घरात येते. फ्रेममध्ये कायमची बंद केलेली बॅटरी तळमजल्यावर गॅरेज असणाऱ्यांनी घ्यावी.

एक गोष्ट ना रूपात दिसते ना माहितीपत्रकात ठसठशीत छापलेली असते, ती म्हणजे सेन्सर. स्वस्त सायकलीत पेडल फिरतंय एवढंच मोटरला कळतं, आणि पाय हलला रे हलला की ती ढकलते. चांगल्या सायकलीत पायाने किती जोर लावला ते कळतं आणि मोटर तेवढीच साथ देते. लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी माणसांमधून वाट काढताना पहिल्या प्रकारची सायकल मला भीतिदायक वाटली. पैसे कुठे जास्त घालायचे असतील तर इथे घालावेत, रंगाआधी आणि किलोमीटरच्या आकड्याआधी.

आणि मडगार्ड. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मडगार्ड नसलेली सायकल चालवणाऱ्याच्या पाठीवर चिखलाची सरळ रेघ उमटते. कॉलेजात वर्गासमोर उभं राहणाऱ्या बाईला हे चालत नाही, कुठल्याच बाईला चालू नये. चेनकव्हरचंही तसंच, सलवारीचा काठ एकदा चेनमध्ये गेला की सायकलीवरून उतरताही येत नाही. आपल्याकडे मोटरसायकलला मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारं संरक्षण हवं, असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. त्याला सगळे साडीगार्ड म्हणतात. डच सायकलीचा तो पडदा आणि आपलं साडीगार्ड ही एकाच काळजीची दोन रूपं. दोन्ही समाजांनी बायका वाहनावर बसणार हे गृहीत धरलं होतं. पण विजेच्या ज्या सायकली आज स्टाइलच्या म्हणून विकल्या जातात, त्यातल्या बहुतेकींच्या चाकाजवळ असा काही विचार दिसत नाही. त्या कुणा जीन्समधल्या, पाठीवर सॅक असलेल्या, पंचविशीतल्या मुलासाठी घडवलेल्या आहेत. त्याने जरूर चालवाव्यात. पण शहरातली सायकल म्हणताना शहरात आणखी कोण राहतं ते बघायला हवं.

पुण्याने हे एकदा फार छान केलं होतं. १९७२ मध्ये कायनेटिकची लूना आली, ५० सीसीची, पेडल असलेली, मधून मोकळी. साडीत बसता येई, मागे कॅरियर, पुढे पिशवी अडकवायला जागा. तिला कुणी देखणी म्हटलं नाही, पण शिक्षिका, परिचारिका, टपालातली माणसं, गवळी, सगळ्यांनी ती चालवली. विजेच्या सायकलीची खरी आजी मला लूनाच वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती बॅटरीवर परत आली तेव्हा मला आनंद झाला, तो आठवणींमुळे कमी आणि सामान वाहणाऱ्या वाहनाला अजून इथे मान आहे म्हणून जास्त.

तरीही कामाचीच घे, रूप सोड, असा सल्ला मी कुणाला देणार नाही. आपल्या शहरांत सायकलवर येणाऱ्या मोठ्या माणसाकडे लोक एका विशिष्ट नजरेने बघतात. कार्यालयाच्या फाटकावर चौकीदार आधी सायकलीलाच थांबवतो, हॉटेलबाहेर तिला उभं करायला जागा नसते. अशा वेळी सायकल देखणी असणं ही व्यवहाराचीच गोष्ट होते. माझी लेक त्या राखाडी सायकलीवर आनंदाने कॉलेजला गेली असती, विटेएवढ्या बॅटरीवालीवर गेली नसती, आणि मग ती स्कूटर मागत बसली असती. न चालवलेल्या सायकलीचं कॅरियर कितीही मजबूत असलं तरी त्याचा काय उपयोग? रूपाने माणूस सायकलीवर बसतो आणि सोयीने तो बसून राहतो, असं मी दोन्ही बाजूंच्या लोकांत बघितलंय.

शेवटी घेतली ती तिसरीच. विनादांडीची, गडद हिरवी, बॅटरी तिरक्या नळीत पण कुलपाने बाहेर निघणारी, सुमारे दोन इंच रुंद टायर, साधा मोटारीसारखा व्हॉल्व, केबल बाहेरून पण नीट एका रेषेत बसवलेली. मडगार्ड पत्र्याचे, फ्रेमच्याच रंगाचे. चेनकव्हर अर्धंच होतं, ते पूर्ण करून घेतलं. कॅरियर मात्र सोबत नव्हतं. पेठेतून आणून बसवलं, ते चंदेरी आहे आणि त्याचे पाय फ्रेमच्या छिद्रांपासून जरा बाहेरच राहिलेत. काकांनी पट्ट्या वाकवून जमवलं. दप्तर नीट बसतं, आवाज येत नाही. पण रोज उतरताना माझं लक्ष त्या जोडाकडे जातं.

चाकण आणि आकुर्डीच्या पट्ट्यात देशातल्या किती तरी दुचाकी घडतात. वेल्डिंग, रंग, पत्राकाम, साचे यातली उत्तम माणसं इथेच, तासाभराच्या अंतरावर आहेत. त्यांच्याकडे माझं एवढंच मागणं आहे की शहरासाठी विजेची सायकल काढाल तेव्हा कॅरियर फ्रेमसोबतच कागदावर काढा, नंतर विकायची ॲक्सेसरी म्हणून नको. त्याचे बोल्ट कुठल्याही सायकल दुकानात मिळतील असे ठेवा. साडीगार्डला एक छानसं रूप द्या, तो झाकण्यासारखा अवयव नाही. आणि बॅटरीची किल्ली लोखंडाची करा, फोनमधली नको, म्हणजे आमच्या काकांनाही ती उघडता येईल.